दुपारची चूल

ज्यांना खिळा सरळ ठोकतां येत नाहीं अशा माणसांचा जो एक मोठा वर्ग आपल्या समाजांत आहे, त्या वर्गांत आम्ही बालपणापासून पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण होत आलों आहों. तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविलें; एका कवितेचे सात अर्थ आम्ही सांगूं शकतों; परंतु घरांतील पंख्याचें बटण बिघडलें तर हांक शेजाऱ्यालाच जाते. ह्या वैगुण्याची आम्हांस कधीं खंतहि वाटली नव्हती. शिकल्यासवरल्या माणसाच्या हाताला खडू आणि लेखणी ह्यांखेरीज आणखी कशाची ओळख असावी, अशी अपेक्षा आमच्याकडून घरांत कोणी केली नाहीं, आणि घराबाहेर तर मुळींच नाहीं. म्हणून, गेल्या डिसेंबरांत, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, आम्हीं स्वतःच्या हातांनीं एक सूर्यचूल तयार केली ही वार्ता आमच्या स्नेह्यांपैकीं कोणालाच खरी वाटली नाहीं. ती खरी आहे. मात्र ती सांगण्यांत बढाई मारण्याचा हेतु नाहीं. त्या चुलीनें आमचा सदतीस वर्षांपूर्वींचा एक अपराध आमच्या पदरांत घातला. तो चार लोकांपुढें कबूल करावा, एवढाच हेतु आहे.

ही चूल तयार झाली पाबळास. पाबळ म्हटलें कीं पुणेकराच्या डोळ्यांपुढें मस्तानीची कबर उभी राहते. थोरल्या बाजीरावामागोमाग १७४० सालीं तिचा अंत झाला आणि ती ह्याच गांवांत विसावली. इतिहासाच्या पुस्तकांत पाबळाचें नांव तेवढ्यापुरतें येतें. एरवीं शिरूर तालुक्यांतील हें गांव म्हणजे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील शंभर गांवांसारखेंच एक. पाऊस बेताचा, जमीन हलकी, पीक बाजरी-मटकीचें. एक ऊन मात्र असें कीं त्याची टंचाई कधीं कोणी ऐकलेली नाहीं. आमचें स्वतःचें गांव तेथून चार-पांच कोसांवर आहे, आणि आमचे थोरले चुलतबंधु हल्लीं पाबळांतच राहतात.

अशा ह्या गांवीं १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ कलबाग नांवाचे एक शास्त्रज्ञ येऊन राहिले. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट आणि मुंबईंतील संशोधनाची मोठ्या मानाची जागा मागें टाकून त्यांनीं अवर्षणाचें म्हणूनच हें गांव मुद्दाम निवडलें, आणि पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या आधारानें येथें विज्ञान आश्रम काढला. शाळेंत ज्या मुलांचें चित्त लागत नाहीं तीं मुलें मंद नसतात. त्यांची बुद्धि हातांच्या वाटेनें जागी होते, असा त्यांचा सिद्धान्त. म्हणून तेथील मुलें शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा आणि गृह-आरोग्य हे चार विषय काम करीत करीत शिकतात. कलबाग २००३ सालीं निवर्तले. आश्रम चालूं आहे. बंधूंच्या घरीं चार दिवस राहावयास गेलों असतां नववींत शिकणारी आमची पुतणी आम्हांस तो दाखवावयास घेऊन गेली. परत येतांना तिनें सहज विचारलें, "काका, तुम्हांला काय काय करता येतं?" आम्हीं बराच वेळ विचार केला. प्रश्न साधा होता, आणि उत्तर देतां येईना.

त्या अडचणींतून सुटण्यासाठींच सूर्यचुलीचा संकल्प सुटला. वाण्याकडून पुठ्ठ्याचीं दोन खोकीं आणलीं; एक मोठें, आणि दुसरें त्यांत चारी बाजूंनीं तीन बोटें अंतर राहील इतकें लहान. मधल्या पोकळींत भुईमुगाचीं टरफलें आणि चुरगळलेलीं वर्तमानपत्रें कोंबलीं. अग्रलेखांत ऊब धरून ठेवण्याची शक्ति असते हें आम्हांस पूर्वीं केवळ ऐकून माहीत होतें. आंतल्या भिंतींना चकचकीत अल्युमिनियमचा कागद खळीनें चिकटविला; तळाशीं काळा रंग दिलेला पत्रा ठेवला; वर जुन्या खिडकीची दीड फूट लांब व तितकीच रुंद कांच बसविली; आणि कांचेच्या मागच्या, म्हणजे उत्तरेकडच्या, कडेला एक पुठ्ठा उभा करून त्यालाहि तोच कागद लावला, म्हणजे दक्षिणेकडून येणारें हिंवाळ्याचें ऊन त्यावर आपटून आंत पडावें. दोन वेळां बोट कापलें, एकदां खळ सदऱ्यावर सांडली. पुतणी सुरी हातीं घेऊन शेजारीं बसली होती. ती हंसली नाहीं, ह्याबद्दल तिचे आभार मानले पाहिजेत.

ही युक्ति कांहीं नवी नव्हे. जिनेव्हाच्या सोस्यूर नांवाच्या शास्त्रज्ञानें १७६७ सालींच कांचेच्या झांकणाची अशी पेटी केली, आणि पुढें तशाच पेटींत पाण्याच्या उत्कलनबिंदूहून अधिक उष्णता सांठवून दाखविली. त्यानंतर सुमारें सत्तर वर्षांनीं जॉन हर्शेल हा ज्योतिषी आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास तारे मोजावयास गेला असतां दिवसा अशाच पेटींत अंडीं शिजवीत असे. आणि आपल्या मुंबईस उच्च न्यायालयाच्या कचेरींत अधिकारी असलेल्या विल्यम अॅडम्स नांवाच्या गृहस्थानें आरसे लावलेली चूल करून भर जानेवारींत सात शिपायांचा शिधा दोन तासांत शिजविला. उष्ण देशांत सरपणाच्या जागीं सूर्य वापरावा असें प्रतिपादन करणारें त्याचें पुस्तक मुंबईंतच १८७८ सालीं निघालें. तत्त्व सोपें आहे. कांच उन्हाला आंत येऊं देते. काळा पत्रा तें ऊन गिळून तापतो. आणि तापलेल्या पत्र्यांतून निघणारी जी वेगळ्या जातीची उष्णता, तिला तीच कांच बाहेर जाऊं देत नाहीं. उन्हाला आंत येण्याचा परवाना आहे, परतीचा नाहीं.

पहिल्या दिवशीं दहा वाजतां आम्हीं स्टीलच्या चकचकीत डब्यांत तुरीची डाळ आणि पाणी घालून डबा पेटींत ठेवला. दोन वाजतां डाळ कोमट पाण्यांत पोहत होती. आम्हीं दोष उन्हाला दिला. पुतणीनें वर पाहिलें. आकाशांत ढगाचा ठिपकाहि नव्हता. मग तिनें कांचेच्या आंतल्या बाजूस जमलेले पाण्याचे थेंब दाखविले, आणि खोक्याच्या कडेवर हात धरून गरम वारा कोठून निसटतो तें दाखविलें. शेवटीं अगदीं हलक्या आवाजांत ती म्हणाली, "आणि काका, तुम्ही दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघत होतात." हें खरें होतें. कविता कितीहि वेळां उघडून पाहिली तरी ती थंड होत नाहीं; डाळ होते. एवढा भेद लक्षांत यावयास आम्हांस पंचावन्न वर्षें लागलीं.

दुसऱ्या दिवशीं पुतणीनें जुन्या लुगड्याची पट्टी कांचेखालीं चारी कडांना खळीनें बसविली, आणि चकचकीत डबा बाजूला ठेवून वहिनींच्या चुलीवरचें काजळीनें काळेंकुट्ट झालेलें पातेलें घट्ट झांकण लावून आंत ठेवलें. काळ्या रंगाइतकें ऊन दुसरें कोण पितो! ज्या धुराला हटवावयास ही पेटी निघाली, त्याच धुराची काजळी तिच्या कामीं आली. आम्हीं मनाचा निग्रह करून झांकणाला हात लावला नाहीं. दर अर्ध्या तासानें पेटी मात्र सूर्याकडे वळवीत राहिलों. साडेबारा वाजतां झांकण काढलें तों डाळ बोटाशीं विरघळत होती. आमच्या नांवावर दोन पुस्तकें आहेत. परंतु तीं हातीं आलीं त्या दिवशींहि असा आनंद झाल्याचें स्मरत नाहीं.

त्या काळ्या पातेल्याकडे पाहतां पाहतां मात्र आनंदाच्या मागून दुसरेंच कांहीं आठवूं लागलें.

१९८७ सालीं आम्ही महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला होतों. त्या काळीं सरकार सवलतीच्या किंमतीत सूर्यचुलींचा प्रसार करीत असे. आमच्या हातीं शिष्यवृत्तीचे पैसे नुकतेच पडले होते. वडील लवकर गेले. चार एकर जिराईत जमीन आईनें एकटीनें कसली, आणि चुलीच्या धुरांत तिचे डोळे बारा महिने लाल असत. तेव्हां तिच्यासाठीं आम्हीं एक सूर्यचूल विकत घेतली, एस. टी.च्या टपावर बांधून गांवीं आणली, आणि अंगणांत मांडून तिच्यापुढें एक छोटेसें व्याख्यान दिलें. आईनें सगळें ऐकून घेतलें, पेटीला हळदकुंकू वाहिलें, आणि "लई चांगलं केलंस" एवढेंच ती म्हणाली.

दिवाळीच्या सुटींत आम्ही परत गेलों. पेटीसोबतचे डबे फळीवर चकचकत होते. त्यांचा काळा रंग आईनें राखेनें घांसून घांसून साफ काढला होता. पेटीची कांच निघाली होती, आणि छपराच्या सावलींत ठेवलेल्या त्या पेटींत एक कोंबडी पिलें घेऊन बसली होती. आम्हांस भयंकर राग आला. आईशीं आम्ही दोन दिवस बोललों नाहीं. पुण्यास परतल्यावर महाविद्यालयाच्या वार्षिकासाठीं आम्हीं खेड्यांतील अज्ञानावर एक निबंध लिहिला. त्यांत विज्ञानानें दारीं आणून ठेवलेल्या सूर्याचें खुराडें करणारी एक अडाणी बाई होती. ती आमचीच आई हें आम्हीं लिहिलें नाहीं. निबंधाला पहिलें पारितोषिक मिळालें. तो आम्हीं स्नेहसंमेलनांत वाचूनहि दाखविला, आणि त्या वाक्याला सभेंत हंशा पिकला. पुढें आम्ही तो निबंध विसरून गेलों. विसरलों असें आम्हांस वाटत होतें.

पाबळच्या अंगणांत आमची डाळ सर्वांनीं चाखली. वहिनींनीं दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि म्हणाल्या, "भावोजी, डाळ झकास झालीय. पर भाकरीचं काय?"

आम्हीं विज्ञानाचा आश्रय घेतला. अशा पेटींत उष्णता शंभरापासून फार तर एकशेंचाळीस अंशांपर्यंत चढते. डाळ, भात, कंद ह्यांना ती पुरते. भाकरीच्या तव्याला दोनशें अंशांच्या वर लागते. स्वच्छ आकाशांत भर दुपारीं एक चौरस मीटर जागेवर सुमारें एक हजार वॅट ऊन पडतें. आमच्या कांचेच्या वांट्याला त्यांतलें दोनशें आलें, आणि त्यांतलेंहि निम्मेंच अन्नाला पोंचलें असें धरलें, तर एक लीटर पाण्याला उकळी येण्यास पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. गॅसची शेगडी ह्याच्या दसपट तरी उष्णता देते. वहिनींनीं हें सारें शांतपणें ऐकलें. मग म्हणाल्या, "आन् आमी उठतो पहाटं चारला. भाकरी-कालवण उरकून सातला रानात. परत येतो दिवस बुडताना. तुमचा सूर्य तवा कुठं असतो?"

हा प्रश्न विचारण्याचें आम्हांस १९८७ सालीं सुचलें नव्हतें. आम्हीं सूर्याचें वेळापत्रक पाहिलें. आईचें पाहिलें नाहीं. दहापासून तीनपर्यंत, जेव्हां ती पेटी तापते, तेव्हां आई खुरपें घेऊन शेतांत वांकलेली असे आणि घराला कडी असे. दर अर्ध्या तासानें ती पेटी वळवावयाची कोणी? शिजलेलें अन्न कुत्र्या-मांजरापासून राखावयाचें कोणी? आणि काळे डबे घांसून पांढरे करणाऱ्या बाईला, "ह्या डब्यांचें काळेपण हाच त्यांचा गुण आहे" हें एक वाक्य व्याख्यानाच्या भरांत आम्हीं सांगितलेंच नव्हतें. जिनें आयुष्यभर काजळीशीं झुंज घेतली, तिनें आणखी दोन काळीं भांडीं दिसतांच राख हातीं घेतली, ह्यांत अज्ञान कोणाचें?

आमच्याहून मोठ्या माणसांचेंहि असेंच झालें आहे, एवढेंच समाधान. १९५० नंतरच्या दशकांत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनें अंतर्वक्र आरशाची सूर्यचूल सिद्ध केली. तिचा मोठा गाजावाजा झाला, आणि ती घरांत कांहीं शिरली नाहीं. उलट शिर्डीस २००९ सालीं साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या छपरावर ७३ मोठे आरसे बसविले गेले. त्यांनीं वाफ तयार करावयाची आणि ती नळांनीं खालीं स्वयंपाकघरांत न्यावयाची, अशी ती योजना. सूर्य दोन्हीकडे तोच आहे. परंतु शिर्डीस हजारों माणसें भर दुपारीं जेवावयास बसतात, आणि आरशांची निगा राखावयास पगारी माणसें असतात. तेथें यंत्राची दुपार आणि पंगतीची दुपार एकच आहे; आमच्या आईच्या घरीं दुपारच नव्हती. कोणतेंहि यंत्र घरांत टिकेल कीं नाहीं हें त्याच्या आरशांवर ठरत नाहीं. तें हातीं धरणाऱ्या माणसाच्या दिवसांत त्याच्यासाठीं जागा आहे कीं नाहीं ह्यावर ठरतें. हें वाक्य लिहावयास सोपें आहे. ज्ञानी माणसानें तें वाचूनहि लिहिलें असतें. आम्हांस तें कळलें तें मात्र खळीनें हात बरबटल्यावर.

वहिनींच्या घरीं आतां गॅस आहे. तरी सिलिंडर जपून वापरावयाचा म्हणून भाकरी आणि आंघोळीचें पाणी अजून चुलीवरच होतें. आमची पेटी त्यांनीं ठेवून घेतली, तीहि आमच्या समजुतीसाठीं नव्हे. शेतावर न जाण्याच्या दिवशीं त्या तींत शेंगदाणे भाजून घेतात. हुलगे भिजवून मऊ शिजवितात. आणि रव्याला किडे लागूं नयेत म्हणून रवा तापवून ठेवितात. ह्यांतील एकहि उपयोग आम्हीं सांगितलेला नाहीं. ज्याचें त्यानें शोधलें कीं वस्तु ज्याची त्याची होते.

पुण्यास परतल्यावर आम्हीं आईला सारें सांगितलें. ती आतां ब्यायशी वर्षांची असून आमच्याजवळ राहते; डोळ्यांचें एक शस्त्रकर्म झालें आहे, थंडींत दम लागतो. वहिनींचा प्रश्न सांगितला, तशी ती हंसली. मग आम्ही निबंधावर आलों. अठरा वर्षांच्या मुलानें लिहिलेलें एक वाक्य पंचावन्न वर्षांच्या तोंडून बाहेर पडेना. आम्ही अडखळतों आहों हें पाहून तीच म्हणाली, "तो निबंध मला ठावं हाय. तुझ्या दादानं तवाच वाचून दावला व्हता."

आम्ही खालीं पाहिलें. सदतीस वर्षांत ती त्याविषयीं एक अक्षर बोलली नव्हती.

"चांगला व्हता," ती म्हणाली. "फकस्त मी दुपारची कुठं असती, तेवढं लिवायचं राहिलं."

"मग तेव्हांच कां नाही सांगितलंस?"

"आरं, पहिल्या पैशाचं आणलं व्हतंस. नको कसं म्हनू?" आणि थोडें थांबून, "खुराडं मातूर झ्याक झालं व्हतं. एकबी पिलू मांजरानं नेलं न्हाई."

त्यानंतरच्या रविवारीं आम्हीं गच्चीवर बसून दुसरी पेटी तयार केली. ह्या वेळीं बोट एकदांच कापलें. आई हिंवाळ्यांत सकाळच्या कोंवळ्या उन्हाला गच्चीवर जाऊन बसते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तेथेंच असते. खुरपें सुटलें, शेत चुलतबंधु पाहतात. दिवसाचे पांच-सहा तास आतां तिचे स्वतःचे आहेत. तिनें आम्हांस न विचारतां एक जुनें काळें पातेलें माळ्यावरून काढवून घेतलें आणि मोलकरणीला तें न घांसण्याची ताकीद दिली. आम्ही महाविद्यालयांत जातांना ती डाळ धुवून पेटींत ठेवते. सावली सरकली कीं उठावयास नको म्हणून तिनें काठीच्या टोंकाला एक आंकडा बांधून घेतला आहे. त्या आंकड्यानें ती बसल्या जागेवरून पेटी सूर्याकडे वळविते.

काल आम्हीं घरीं येतांच संवयीनें झांकणाकडे हात नेला. तिनें काठी आडवी धरली.

"उघडू नगंस," ती म्हणाली. "अजून व्हायचीय."